गाद्यांची वही: मच्छीमार गावाला सोबत घेऊन किनाऱ्यावरच्या डॉल्फिनचा अभ्यास आणि रक्षण

सिंधुदुर्गात डॉल्फिनला गादा म्हणतात. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून पहाटे होडी घेऊन बाहेर पडणाऱ्याला गादे दिसणं ही काही बातमी नसते. त्यामुळेच ते कुणी लिहून ठेवत नाही. पाच वर्षांनी कुणी विचारलं, की गादे कमी झाले का, तर प्रत्येकाकडे आठवण असते आणि आकडा कुणाकडेच नसतो. बाहेरून येणारा संशोधक वर्षातले पंधरा-वीस दिवस समुद्रावर असतो, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दोनशे दिवस असतो. या दोनशे दिवसांची नीट नोंद झाली तर गाद्यांबद्दल आपल्याला खरोखर काही कळेल.

हे लिखाण मच्छीमार सोसायट्या, कॉलेजांचे प्राणिशास्त्र विभाग, किनाऱ्यावरची निसर्गमंडळं आणि पर्यटन बोटवाले यांच्यासाठी आहे. उदाहरणं मालवण-वेंगुर्ल्याकडची घेतली आहेत, कारण या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर कोकण सिटेशियन रिसर्च टीमने मच्छीमारांच्या मुलाखती आणि बोटीवरची पाहणी या दोन्ही वाटांनी गाद्यांवर काम केलं आहे. रायगड, रत्नागिरी किंवा गोव्यात काम करणाऱ्यांना जाळ्यांची आणि जागांची नावं तेवढी बदलावी लागतील.

कोण कोण दिसतं

आपला नेहमीचा गादा म्हणजे हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन. रंग राखाडी, चोच लांब, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसलेला छोटा पर (फिन). लांबी साधारण अडीच मीटर. तो किनारा सोडत नाही, दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीच्या आतच फिरतो. म्हणजे ज्या पट्ट्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते, लहान होड्या जाळी टाकतात, जेट्ट्या बांधल्या जातात आणि पर्यटक येतात, त्याच पट्ट्यात त्याचं सगळं आयुष्य जातं. २०१७ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी झाली.

दुसरा आहे बिनपराचा पोर्पॉइज. नोंदींमध्ये सर्वांत जास्त घोळ याचाच होतो. त्याला पाठीवर पर नसतो आणि चोचही नसते. डोकं गोल, लांबी जेमतेम दीड मीटर. तो उडी मारत नाही. काळा टायर पाण्यात एकदा फिरून गेल्यासारखा दिसतो आणि नाहीसा होतो. लोक त्याला ‘गाद्याचं पिल्लू’ म्हणून सांगतात. म्हणून कुणी पिल्लू दिसल्याचं सांगितलं की ‘सोबत मोठा होता का?’ आणि ‘पाठीवर काही उभं दिसलं का?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय नोंद पुढे नेऊ नका.

खोल पाण्यात स्पिनर आणि बॉटलनोझ डॉल्फिन भेटतात, कधी ब्राइड्स जातीचा देवमासाही. हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहेत. पुढच्या बऱ्याच अडचणी या एका गोष्टीतून निघतात, ते ओघात येईलच.

परवानगी

किनाऱ्यावर बसून पाहायला आणि लोकांशी बोलायला वन्यजीव कायद्याची परवानगी लागत नाही. प्राण्याला हात लावायचा असेल, मेलेल्या प्राण्याचा तुकडा घ्यायचा असेल किंवा अभयारण्यात संशोधन करायचं असेल, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवीच. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. किनाऱ्याला लागलेला मृत गादा ही सरकारची मालमत्ता असते. त्याचा दात किंवा कवटी कॉलेजच्या संग्रहासाठी उचलून आणणं हाही गुन्हाच. अर्ज करायला उशीर करू नका, उत्तर यायला महिने लागतात. बोटीवरून पाहणी करायची असेल तर सागरी पोलीस ठाणं आणि मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी यांना दिवस आणि बोटीचा नोंदणी क्रमांक आधी कळवा. नाहीतर गस्तीची नौका तुम्हाला समुद्रात अडवेल आणि सकाळ फुकट जाईल.

गावात कुणाशी, केव्हा बोलायचं

मासळी उतरत असताना आणि लिलाव चालू असताना कुणाला प्रश्न विचारू नका. उत्तर मिळेल, पण ते तुम्हाला वाटेला लावण्यासाठी दिलेलं असेल. जाळी तुणायला (दुरुस्त करायला) बसलेली माणसं बोलायला मोकळी असतात. हात कामात असतात, घाई नसते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, मोठ्या मुलाखती तेव्हा घ्या. रत्नागिरीकडे दालदी मच्छीमारांच्या वस्तीत शुक्रवारी होड्या जात नाहीत, मात्र नमाजाची वेळ सोडूनच जा.

सोसायटीच्या चेअरमनला भेटून आलात म्हणजे गाव झालं असं समजू नका. रापणवाल्यांचं, गिलनेटवाल्यांचं आणि ट्रॉलरवाल्यांचं एकमेकांशी पटत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी ज्याच्या पडवीत बसाल त्याच्या बाजूचे ठराल. प्रत्येक प्रकारच्या मासेमारीतले किमान पाच-सहा जण यादीत हवेत. मासळी विकणाऱ्या बायकांना वगळू नका. जाळ्यात काय आलं होतं आणि काय परत टाकलं, हे घरात त्यांना कळलेलं असतं.

मुलाखतीत चित्रं वापरा, पण एक काळजी घ्या. सात-आठ चित्रांमध्ये एक आपल्याकडे कधीच न आढळणारा प्राणी ठेवा, उदाहरणार्थ उत्तर ध्रुवाकडचा पांढरा बेलुगा. तो ‘हो, पाहिलाय’ असं सांगणारा माणूस खोटारडा नसतो. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून तो हो म्हणतो. त्याच्या बाकीच्या उत्तरांनाही त्या मानाने कमीच वजन द्यायचं. ‘इथे गादे आहेत का?’ असं विचारूच नका. ‘शेवटचा केव्हा दिसला, कुठे, तेव्हा कुठलं जाळं टाकलं होतं?’ असं विचारा. तारीख कुणाला आठवत नाही, पण शिमग्याच्या आधी की नंतर, नारळी पौर्णिमेला किती दिवस होते, उधाण (मोठी भरती) होतं की भांग (लहान भरती), हे पक्कं आठवतं. त्या वर्षाचं पंचांग जवळ ठेवा आणि तिथीवरून तारीख काढा.

वही

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रत्येक होडीला जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी एक वही आणि दोन पेन्सिली द्या. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. वही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची. एका ओळीत एक फेरी. रकाने एवढेच: तारीख, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, जाळं कुठलं, जागा, खोली वावात, गादे दिसले का, किती, पिल्लू होतं का, जाळ्याला काही झालं का. दहापेक्षा जास्त रकाने केलेत तर तिसऱ्या आठवड्यात वही कोरी परत येते.

गादे दिसले नाहीत त्या दिवसाचीही ओळ भरायची. हा सगळ्या कामाचा कणा आहे, आणि तो समजावून सांगायला वेळ लागतो. माणसाला वाटतं, काही दिसलंच नाही तर लिहायचं काय? समजा, जानेवारीत वहीत गाद्यांच्या बारा नोंदी आहेत आणि मार्चमध्ये चार. गादे कमी झाले का? जानेवारीत होडी चोवीस दिवस गेली आणि मार्चमध्ये आठच दिवस, तर दोन्ही महिन्यांत प्रमाण सारखंच, दोन फेऱ्यांमागे एक. ‘नाही’च्या ओळी नसतील तर हे कळायला मार्गच नाही. हाच हिशेब वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून चिकटवा.

जागेच्या रकान्यात अक्षांश-रेखांश मागू नका. तांडेल खुणेनं जागा धरतो: अमक्या देवळाचा कळस तमक्या डोंगराच्या टोकावर आला आणि दीपगृहाची बत्ती उजव्या हाताला राहिली की तिथे जाळं. या जागांना नावं असतात. एक दिवस त्याच्यासोबत जाऊन अशा वीस-पंचवीस जागांवर जीपीएसचे बिंदू घ्या आणि नकाशा करा. पुढे तो वहीत फक्त नाव लिहील, तुम्ही बिंदू लावाल. नकाशा करताना त्याच्या मासळीच्या जागाही तुम्हाला कळतात. त्या दुसऱ्या होडीला दाखवायच्या नाहीत आणि कुठल्याही अहवालात छापायच्या नाहीत. छापील नकाशावर दोन किलोमीटरचे चौकोन करून चौकोनागणिक आकडा दाखवा. एकदा एखाद्याची जागा फुटली की त्या गावात तुमचं काम संपलं.

वह्या दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन बघा आणि पानांचे फोटो घ्या. सगळ्या ओळी एकाच दाबाने, एकाच पेन्सिलीने लिहिलेल्या दिसल्या तर त्या एका बैठकीत भरल्या आहेत. रागवू नका, ती पानं हिशेबातून काढा आणि रकाने आणखी कमी करा. नोंदीमागे पैसे देणं आम्हाला चूक वाटतं, कारण मग गादे दिसायलाच लागतात. द्यायचंच असेल तर भरलेल्या वहीमागे ठरावीक मानधन द्या, गादे दिसोत वा न दिसोत.

फोनवर फोटो आला तर त्यातली वेळ आणि जागा टिकायला हवी. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्याने चांगले फोटो निव्वळ शोभेचे होऊन बसतात.

बोटीवरची पाहणी

ऑक्टोबर ते मे हा काळ. पहाटे साडेसहाला निघून साडेदहा-अकरापर्यंत परत या. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा असतो, पाणी सपाट असतं. दुपारकडे वायव्येचा वारा भरला की लाटांवर पांढरे फेस उठतात. फेस जागोजागी दिसायला लागले की पाहणी थांबवा. पोर्पॉइजसाठी तर एकही फेस नको. अशा पाण्यात चार तास फिरून ‘काही दिसलं नाही’ असं लिहिणं म्हणजे चुकीची माहिती तयार करणं.

बोटीवर चार माणसं हवीत, तांडेल सोडून. दोघं पुढे उभे: एक समोरपासून डाव्या हातापर्यंत, दुसरा समोरपासून उजव्या हातापर्यंत. तिसरा लिहिणार, चौथा विश्रांतीला. दर अर्ध्या तासाने जागा बदला, कारण चकाकत्या पाण्यावर डोळे लवकर थकतात आणि थकल्याचं कळत नाही. वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर. लाइफ जॅकेट सगळ्यांना, अगदी खलाशालाही.

मार्ग किनाऱ्याला समांतर आखू नका, ही नवख्यांची नेहमीची चूक. गादे उथळ पट्ट्यात जास्त असतात. त्याच पट्ट्यातून लांबच लांब गेलात तर आकडा फुगतो. किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाणाऱ्या आडव्या रेषा घ्या, दोन-दोन किलोमीटरवर. पहिली रेषा कुठून सुरू करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा.

गादा दिसला की लगेच तीन गोष्टी: वेळ, बोटीपासूनचं अंतर आणि बोटीच्या नाकाशी होणारा कोन. समजा अंतर २०० मीटर आणि कोन ३० अंश, तर रेषेपासूनचं खरं अंतर १०० मीटर. या अंतरांवरूनच किती गादे नजरेतून सुटले याचा अंदाज बांधता येतो. अंतर नजरेनं सांगायचा सराव मात्र हवाच. काळा प्लॅस्टिकचा कॅन दोरीने बांधून ५०, १००, २०० आणि ३०० मीटरवर सोडा, जीपीएसवर अंतर बघा आणि प्रत्येकाकडून अंदाज घ्या. पहिल्या दिवशी अंदाज दुप्पट-निमपट चुकतात. दुसरी चूक कोनात होते. थोडासा बाजूला असलेला गादा लोक ‘समोरच’ म्हणून शून्य अंश लिहितात, आणि असे शून्य साठले की संख्या खोटी वाढते. कोनमापक लाकडी फळीवर रंगवून बोटीच्या नाकाला ठोका आणि वाचून लिहा. असा हिशेब विश्वासाने मांडायला साठ-ऐंशी वेळा तरी गाद्यांचे थवे दिसलेले असावेत. एका हंगामात तेवढे होत नाहीत, हे गावाला आधीच सांगून ठेवा.

पराचे फोटो

गाद्याच्या पाठीच्या पराची मागची कड म्हणजे त्याचं आधार कार्ड. एकमेकांच्या दातांनी, जाळ्यांनी, कधी बोटीच्या इंजिनाच्या पंख्याने त्या कडेला खाचा पडतात आणि त्या जन्मभर राहतात. वरचे ओरखडे काही महिन्यांत बुजतात, त्यांच्यावर ओळख ठरवायची नाही. शिवाय खाच दोन्ही बाजूंनी दिसते, ओरखडा एकाच बाजूने.

कॅमेऱ्याला ३०० किंवा ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान, सूर्य आपल्या पाठीशी. पर बोटीला समांतर असताना टिपा. तिरका पर अरुंद दिसतो आणि खाच झाकली जाते. ओळखीचा दिसतो म्हणून एकाच गाद्यामागे कॅमेरा फिरवू नका. थव्यातल्या प्रत्येकाचे, खाचा नसलेल्यांचेही, सारखे फोटो हवेत.

बोट थव्याच्या मागून किंवा समोरून नेऊ नये. बाजूने, त्यांच्याच वेगाने, ५० मीटरवरून न्या. इंजिन एकदम बंद-चालू करू नका, वेग हळूहळू कमी करून न्यूट्रलवर ठेवा. थव्यापाशी वीस मिनिटं पुरे. दिशा सारखी बदलणं, जास्त वेळ पाण्याखाली राहणं, मादीने पिल्लाला आपल्या पलीकडच्या बाजूला घेणं, यातलं काही दिसलं तर वीस मिनिटांचीही वाट बघू नका, निघा. तारकर्लीच्या पर्यटन बोटींनाही हेच नियम चालतात, आणि तिथले बोटवाले ते आपापसात ठरवून पाळतात तेव्हाच टिकतात. बाहेरून लावलेली पाटी उपयोगाची नाही. एका थव्यापाशी एका वेळी दोनच बोटी, तिसरीने लांब थांबायचं, हा नियम आधी ठरवा. गर्दीच्या दिवशी तोच मोडतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. पर कापून घ्या, धूसर फोटो बाजूला काढा. जुळवणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून बघायची. दोघांचं एकमत नसेल तर तो गादा ‘नवा’ धरू नका, ‘अनिश्चित’मध्ये ठेवा. गाद्यांना क्रमांकासोबत नावं गावातल्या शाळेच्या मुलांना ठेवू द्या. ज्याच्या पराला करवतीसारखे दाते आहेत तो ‘करवत्या’ झाला की तांडेलही विचारू लागतो, ‘करवत्या या खेपेला दिसला का?’

संख्येचा साधा हिशेब हातानेही होतो. पहिल्या फेरीत खाचांवरून २४ गादे ओळखले, दुसऱ्या फेरीत ३०, आणि त्यातले ११ पहिल्या फेरीतलेच निघाले. मग तिन्ही आकड्यांत एक-एक मिळवून २५ गुणिले ३१, भागिले १२, त्यातून १ वजा: साधारण ६४. हे झाले फक्त खाचा असलेले. चांगल्या फोटोंपैकी ६० टक्क्यांत खाच असेल तर ६४ ला ०.६ ने भागा, म्हणजे एकूण अंदाज १०६-१०७. दोन फेऱ्यांमध्ये वर्षभराचं अंतर टाकू नका, मधल्या काळातले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हा हिशेब बिघडवतात. दोन-तीन आठवडे ठीक.

जाळ्यात सापडलेला गादा

इथे लोक गप्प होतात. गादा पहिल्या अनुसूचीत आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि मेलेला गादा जाळ्यात आला असं सांगितलं तर केस होईल ही भीती असते. तुम्ही काम सुरू करतानाच सांगा, आणि पाळा, की जाळ्याच्या नोंदीत होडीचं किंवा माणसाचं नाव नसेल, फक्त जाळ्याचा प्रकार, आस (जाळ्याच्या भोकाचं माप), खोली आणि जाळं किती तास पाण्यात होतं एवढंच असेल. होडीच्या नावांची यादी मुळात तयारच करू नका. नसलेली यादी कुणी मागू शकत नाही.

हे आकडे का हवेत तेही सांगा. गादा आठ-दहा वर्षांचा झाल्यावर कुठे प्रजननाला येतो, आणि मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. अमेरिकेत जाळ्यांतल्या मृत्यूंची मर्यादा काढायला एक सूत्र वापरतात. त्यानुसार शंभराच्या कळपात माणसामुळे वर्षाला जेमतेम एक मृत्यू पचतो: १०० गुणिले ०.०२ (कळपाच्या वाढीच्या कमाल वेगाचा निम्मा) गुणिले ०.५ (सावधगिरीचा गुणक). म्हणजे एका नदीच्या मुखापाशी वर्षात तीन-चार गादे जाळ्यात मेले तर ते लहानसहान नाही.

जिवंत सापडला तर वेळ फार कमी असतो. तो मासा नाही, त्याला वर येऊन श्वास घ्यायचा आहे. जाळं होडीकडे ओढून आधी त्याचं डोक्यावरचं श्वासछिद्र पाण्याबाहेर येईल असं धरा. मग शेपटीजवळचे, नंतर बाजूच्या परांभोवतीचे फास कापा. सुरीचं टोक बोथट हवं. शेपटीला धरून होडीत ओढू नका, मणका आणि सांधे निखळतात. सोडताना अंगावर धागा राहिला नाही ना ते बघा. एक फास जरी परात राहिला तरी तो वाढत्या अंगात रुतत जातो.

कापलेल्या जाळ्यासाठी महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून भरपाईची योजना आहे. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर कमाल २५,००० रुपये मिळतात. प्राणी जाळ्यात असतानाचा आणि सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ त्यासाठी लागतो. एकाने फोन धरायचा, दोघांनी कापायचं, हे आधीच ठरलेलं असावं. अर्ज इथेच अडतात: व्हिडिओ आहे, पण त्यात होडीचा क्रमांक दिसत नाही, किंवा कापलेलं जाळं घरी आणून कुणी तुणून टाकलं. जाळं तसंच ठेवा. गुजरातेत व्हेल शार्कसाठी, म्हणजे माशासाठी, हीच पद्धत चालली. मच्छीमारांनी स्वतः फोटो काढायचे आणि भरपाई मिळवायची.

किनाऱ्याला लागलेला प्राणी

जिवंत असो की मेलेला, पहिला फोन वन विभागाच्या १९२६ वर. खोल पाण्यात जखमी किंवा अडकलेला मोठा प्राणी असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. गावात चार माणसं या कामासाठी ठरलेली असावीत आणि एका पेटीत सामान तयार असावं: ताडपत्री, सुती चादरी चार, बादल्या, फावडी दोन, दोरी शंभर फूट, हातमोजे, मास्क, मापाची फीत.

जिवंत गादा वाळूवर असेल तर त्याला पोटावर ठेवा, कुशीवर नाही. बाजूच्या परांखाली वाळूत खड्डे खणा, म्हणजे पर दुमडून तुटत नाहीत. ओल्या चादरी अंगावर घाला, पण श्वासछिद्र उघडं ठेवा आणि पाणी ओतताना ते वाचवा. त्यात गेलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. वरून सावली करा. वीस-पंचवीस मीटरवर दोरी बांधून गर्दी आणि कुत्री मागे ठेवा. सेल्फी, हळद-कुंकू, डोक्यावरून हात फिरवणं सगळं बंद. लोक भक्तीनेच करतात, पण घाबरलेल्या प्राण्याला ते सोसत नाही. न्यायचं असेल तर ताडपत्रीवर घेऊन सहा-आठ जणांनी उचलायचं. पाण्यात नेल्यावर लगेच सोडू नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याला पोट खाली ठेवून धरा, तो स्वतःहून सरळ राहून श्वास घेऊ लागला की हात काढा.

देवमाशाचं मात्र सगळं वेगळं. त्याचं वजन टनांत असतं आणि वाळूवर पडल्यावर स्वतःच्या भारानेच त्याची फुप्फुसं आणि स्नायू चिरडले जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेलं पिल्लू लोकांनी आणि यंत्रणांनी मोठ्या कष्टाने समुद्रात नेलं, तरी ते वाचलं नाही. अशा वेळी शेपटीला दोर बांधून बोटीने ओढायचा मोह होतो. करू नका, पशुवैद्यक येईपर्यंत ओलावा, सावली आणि शांतता एवढंच करा.

मेलेल्या प्राण्याच्या नोंदीत अवस्था लिहा: ताजा, फुगलेला, सडलेला की नुसती हाडं. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत, जमिनीवर फीत टाकून. अंगाच्या गोलाईवरून मोजली तर ती वाढते. फोटो: दोन्ही कुशी, डोकं, पर, शेपटी, पोट, आणि प्रत्येक जखम मापासह. पोटावर दोन चिरा अंतराने असतील तर नर. एकच लांब चीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना छोट्या चिरा असतील तर मादी. परांच्या पुढच्या कडेला आणि तोंडाच्या कोपऱ्यांवर बारीक सरळ खाचा दिसल्या तर जाळ्याची शक्यता लिहा. ‘जाळ्यानेच मेला’ असं लिहू नका, ते शवविच्छेदनात ठरतं. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, या प्राण्यांचे काही रोग माणसाला होतात. फुगलेल्या देवमाशाला टोचू नका, आतला वायू स्फोटासारखा बाहेर येतो. आणि व्हेलची ‘उलटी’ किनाऱ्यावर सापडल्यास विकायच्या भानगडीत पडू नका. तिचा व्यापार बेकायदा आहे आणि पकडला जातो तो बहुधा गरीब माणूसच. १९२६ ला कळवा.

वह्या परत गावाकडे

जूनमध्ये होड्या वर आल्या की वर्षभराच्या वह्या गावात परत न्या. संगणकाचं सादरीकरण नको. सोसायटीच्या हॉलच्या भिंतीवर चार बाय सहा फुटांचा चौकोनी नकाशा लावा, शेजारी ओळखलेल्या परांचे फोटो, आणि कुठल्या महिन्यात किती फेऱ्यांमागे किती वेळा गादे दिसले याचा एकच तक्ता. मग विचारा, यात कुठे चूक दिसते? सगळ्यांत उपयोगी दुरुस्त्या याच बैठकीत होतात: ‘या चौकोनात गादे नाहीत असं नाही, तिथे आम्ही डिसेंबरात जातच नाही’, किंवा ‘तारली आली की ते मुखातून बाहेर जातात’. या दुरुस्त्या त्याच नकाशावर तिथल्या तिथे लाल पेनने लिहा.

नवीन जेट्टी, गाळ उपसा किंवा पर्यटन बोटींचे नियम असा कुठलाही विषय आला तर हाच नकाशा ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत ठेवायचा की नाही, हे गावाने ठरवावं, तुम्ही नाही. मूळ वह्या सोसायटीच्या कपाटात राहतील, तुमच्याकडे फोटो. नव्या हंगामाच्या वह्या आणि पेन्सिली नारळी पौर्णिमेआधी होड्यांवर पोचवा. त्या दिवसानंतर एकही तांडेल घरी भेटत नाही.